कॅटरपी, कढीपत्ता आणि उत्क्रांती

सातवीच्या वर्गासाठी आम्ही एक लहानशी चाचणी घेतली होती. शाळा नाशिकची, गंगापूर रोडवरची. फुलपाखराच्या जीवनचक्रातील अवस्था आकृतीसह लिहा, असा चार गुणांचा एक प्रश्न होता. एका मुलाने अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था अचूक क्रमाने लिहिल्या. आकृतीही नेटकी होती. मात्र अळीच्या डोक्यावर त्याने लाल रंगाचे, टोकाला दुभंगलेले एक शिंग काढले होते आणि उत्तराच्या शेवटी वाक्य होते, ‘अशा प्रकारे अळीची उत्क्रांती होऊन तिचे फुलपाखरू होते.’

हे वाक्य चूक आहे, हे विज्ञानाच्या शिक्षकाला सांगायला नको. कोडे होते ते शिंगाचे. आम्ही फळ्यावर काढलेल्या अळीला शिंग नव्हते. मग ते आले कोठून? मुलाला विचारले तेव्हा त्याने सहज उत्तर दिले, ‘सर, कॅटरपीला असते ना!’ आणि वर्गातील बऱ्याच माना डोलल्या.

कॅटरपी म्हणजे कोण, हे समजून घेण्यासाठी आम्हाला मुलांकडेच शिकवणी लावावी लागली. त्यातून हाती आले ते असे : शिंग बरोबर आहे, वाक्य चूक आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून आलेल्या आहेत. मुलांच्या मनात विज्ञानाची कल्पना घडवणाऱ्या पुस्तकाचे आपण परीक्षण करतो. मग तेच काम करणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचे का करू नये?

खिशातले प्राणी

‘पोकेमॉन’ हे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या नावाचे आखूड रूप. या मालिकेतील पहिले खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये, हातात धरून खेळण्याच्या छोट्या यंत्रासाठी विक्रीला आले. रानावनात भटकायचे, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. आरंभी प्राण्यांच्या १५१ जाती होत्या. आता त्या हजाराच्या वर गेल्या आहेत.

खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोजवळच्या माचिदा या भागात त्यांचे बालपण गेले आणि किडे गोळा करणे हा त्यांचा तेव्हाचा छंद होता. पुढे शहर वाढले, तळी बुजली, शेतांच्या जागी इमारती आल्या. किडे शोधण्यातील आनंद शहरातील मुलांना पुन्हा मिळावा, ही या खेळामागची एक प्रेरणा होती. अशोक स्तंभापासून गंगापूर गावाकडे जाताना ज्यांनी एके काळी मळे पाहिले आणि आज त्याच जागी उंच इमारती पाहिल्या, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

आपल्याकडे ही मालिका २००३ पासून दूरचित्रवाणीवर हिंदीतून येऊ लागली. २०१६ साली मोबाइल फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ हा खेळ निघाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तो भारतात अधिकृतपणे दाखल झाला. त्यामुळे कॅटरपी आज आपल्या वर्गात बसलेला आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पहिल्या यादीतील १०, ११ आणि १२ क्रमांकांचे प्राणी म्हणजे कॅटरपी, मेटापॉड आणि बटरफ्री. अर्थात अळी, कोष आणि फुलपाखरू. पहिला सातव्या पातळीला पोहोचला की दुसरा होतो, दुसरा दहाव्या पातळीला पोहोचला की तिसरा. या बदलाला खेळात ‘इव्होल्यूशन’ म्हणतात.

निरीक्षणाची बाजू

प्रथम गुण पाहू. कॅटरपी रेखाटणाऱ्याने खरी अळी जवळून पाहिलेली आहे, यात शंका नाही.

आपल्या अंगणातील कढीपत्ता, लिंबू किंवा बेल यांच्या पानांवर पावसाळ्यात हिरव्या, गुळगुळीत अळ्या दिसतात. त्या बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या असतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्ल्यू मॉरमॉन हे त्यांचेच भाऊबंद. अशा अळीला रंगाच्या कुंचल्याने हळूच स्पर्श करावा. डोक्यामागून एक नारिंगी किंवा लालसर, दुभंगलेला अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. मुंग्या, कोळी यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यासाठी अळी त्याचा उपयोग करते. खेळाच्या माहितीपत्रातही कॅटरपीचे शिंग दुर्गंध सोडून शत्रूला पळवते, असेच सांगितले आहे. आमच्या फळ्यावरच्या आकृतीत हे नव्हते, खेळात होते.

या अळ्यांच्या पाठीवर पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात. ते डोळे नव्हेत. खरे डोळे अगदी बारीक असून खाली वाकलेल्या लहानशा डोक्यावर असतात. ठिपक्यांमुळे अळी लहानशा सापासारखी भासते आणि पक्षी बिचकतात, असे मानले जाते. कॅटरपीचे मोठाले डोळे या ठिपक्यांवरूनच सुचले असावेत. फक्त चित्रकाराने त्यांना खरे डोळे करून टाकले आहे.

मेटापॉडही विचारपूर्वक केलेला आहे. रानात पकडलेल्या मेटापॉडला एकच डाव येतो, तो म्हणजे कवच घट्ट करणे. तो पळत नाही, चावत नाही. बाहेर कठीण आणि आत मऊ, असे त्याचे वर्णन येते. झुंजीच्या खेळात असा प्राणी ठेवणे हे धाडसच. लवकर जिंकू पाहणाऱ्या मुलाला येथे थांबावे लागते. कोषाचा मुख्य धर्म त्याला न सांगता कळतो. बटरफ्रीच्या पंखांवरील भुकटी पाणी झटकून टाकते, हा तपशीलही वास्तवाशी जुळतो. फुलपाखराच्या पंखांवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्यामुळे पंख सहसा भिजत नाहीत.

वजनाचा हिशेब

आता दोष. खेळात दिलेले आकडे असे आहेत : कॅटरपीचे वजन २.९ किलोग्रॅम, मेटापॉडचे ९.९ आणि बटरफ्रीचे ३२. म्हणजे अळीपासून फुलपाखरापर्यंत वजन सुमारे अकरापट होते. हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात, तेव्हा त्यांचा उपयोग करून घ्यावा. आठवीच्या वर्गाला इतकेच विचारावे, ‘कोष काही खात नाही. मग हे वाढीव वजन आले कोठून?’

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. खाण्याचे सगळे काम अळीचे. अंड्यातून बाहेर पडताना ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि म्हणून वाचते. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत ती हिरवी आणि सुमारे चार सेंटिमीटर लांबीची होते. कोषात जाण्यापूर्वी ती आतडे रिकामे करते. त्यामुळे कोषाचे वजन पूर्ण वाढलेल्या अळीपेक्षा कमी भरते. कोष श्वसन करतो, थोडे पाणीही गमावतो. म्हणून बाहेर पडणारे फुलपाखरू आणखी हलके असते. पानापासून मिळालेली शिल्लक मोडून पंख बांधायचे, असा हा संसार आहे. खेळात शिल्लक न मोडता, उलट दर टप्प्याला व्याज मिळते.

३२ किलोग्रॅमच्या फुलपाखराला उडता येईल का, हाही प्रश्न करावा. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट होते, पण वजन हजारपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

काही ठिकाणी लेखकांची नुसती गल्लत झालेली आहे. मालिकेच्या दुसऱ्या पिढीतील एका वर्णनात बटरफ्री रोज मध गोळा करतो, तो पायांवरील केसांना चोळतो आणि घरट्याकडे नेतो. फुलपाखराला घरटे नसते. हा उद्योग मधमाशीकडून उसना आणलेला आहे. शिवाय अळी ज्या कुळातील दिसते त्या कुळाचे पंख बटरफ्रीला नाहीत. त्याचे काळ्या शिरांचे पांढरे पंख वेगळ्याच कुळातील फुलपाखरांची आठवण करून देतात. ही चित्रकाराची मोकळीक म्हणून सोडून देता येईल. मुख्य आक्षेप यापेक्षा खोल आहे.

एका शब्दाचा घोळ

एका जीवाच्या आयुष्यात होणारा बदल म्हणजे रूपांतरण. अनेक पिढ्यांमध्ये समूहाच्या आनुवंशिक घडणीत होत जाणारा बदल म्हणजे उत्क्रांती. अळी कोषात जाते तेव्हा तिची जनुके तीच राहतात. त्यातील कोणती चालू आणि कोणती बंद, एवढेच पालटते. म्हणून एक अळी कधीच उत्क्रांत होत नाही. उत्क्रांत होतो तो अळ्यांचा वंश.

खेळाने हे दोन अर्थ एका शब्दात कोंबले. परंतु दोष एकट्या खेळाचा नाही. तो शब्द मुळातच फिरून आलेला आहे. ‘इव्होल्यूशन’चा लॅटिन धातू गुंडाळी उलगडण्याचा अर्थ दाखवतो. अठराव्या शतकात हालर, बोने यांसारखे अभ्यासक तो शब्द एकाच जीवाच्या वाढीसाठी वापरत. बीजात सगळे अवयव आधीच असतात आणि पुढे ते फक्त उलगडतात, अशी त्यांची समजूत होती. त्याआधी सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स्वामरडाम यांनी पूर्ण वाढलेल्या अळीची त्वचा सोडवून आत पंखांचे अंकुर दाखवले होते. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला, तेव्हा डार्विन यांनी पहिल्या आवृत्तीत या शब्दाचे रूप जेमतेम एकदा, ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून वापरले. आजचा अर्थ नंतर रूढ झाला. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने नकळत दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे विज्ञान लिहिले होते, असे म्हणता येईल.

रूपांतरण म्हणून पाहिले तर मात्र खेळ पुन्हा रंजक होतो. बदल सुरू झाल्यावर यंत्रावरील ‘बी’ हे बटण दाबले की तो थांबतो आणि कॅटरपी कॅटरपीच राहतो. कीटकांच्या शरीरातही असे एक बटण आहे. ज्युव्हेनाइल हार्मोन नावाचे द्रव्य जोपर्यंत पुरेसे असते, तोपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते. ते ओसरले की कोषाची वाट मोकळी होते. या हार्मोनसारखी काम करणारी कृत्रिम रसायने डासांच्या अळ्या असलेल्या पाण्यात टाकतात. मग त्यातून डास बाहेर पडत नाहीत.

‘माझा कॅटरपी बटरफ्री झाल्यावर मला ओळखेल का?’ असे एका मुलीने विचारले होते. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोषात अळीचे बरेचसे शरीर मोडते, पण सगळेच विरघळत नाही. चेतासंस्थेचा काही भाग नव्या मांडणीत टिकतो. २००८ साली अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आणि सौम्य विजेचा झटका एकत्र दिला. अखेरच्या अवस्थेत हा धडा मिळालेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यांनी तो वास टाळला.

खरी उत्क्रांती कोठे आहे?

उत्क्रांती घडायची तर तीन गोष्टी लागतात. एकाच जातीच्या जीवांत फरक हवेत, ते पुढच्या पिढीत उतरायला हवेत, आणि त्या फरकांमुळे काहींची संतती जास्त व काहींची कमी टिकायला हवी. खेळातील ‘इव्होल्यूशन’मध्ये यांपैकी काहीच नाही. पातळी गाठली की प्रत्येक कॅटरपी हमखास बटरफ्री होतो. येथे कोणी मरत नाही. हरलेला प्राणी केवळ मूर्च्छित पडतो.

कढीपत्त्यावर असे नसते. मादी एकेक करून अंडी घालते, पण त्यातील फार थोडी फुलपाखरापर्यंत पोहोचतात. काही मुंग्या नेतात, काही कोळी, काही बुलबुल. पुष्कळदा जपून ठेवलेल्या कोषातून फुलपाखराऐवजी इवल्याशा परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडतात. वर्गात असे घडले की मुले हिरमुसतात आणि शिक्षक ओशाळतात. वास्तविक धड्याचा गाभा तोच. या गळतीतूनच नैसर्गिक निवड होते. मरण वगळले की निवड उरत नाही, आणि निवड वगळली की उत्क्रांतीचे फक्त नाव उरते.

गंमत अशी की खेळात उत्क्रांतीच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे, पण तिला ते नाव नाही. दुसऱ्या पिढीच्या खेळांपासून, म्हणजे १९९९ पासून, प्राण्यांच्या जोड्या लावून अंडी मिळवता येतात. मुरलेले खेळाडू हवे ते गुण असलेली पिल्ले ठेवतात, उरलेली बाजूला सारतात आणि पुन्हा जोड्या लावतात. ही कृत्रिम निवड झाली. कबुतरे पाळणाऱ्यांचे हेच तंत्र दाखवून डार्विन यांनी आपल्या ग्रंथाची सुरुवात केली होती.

आणि खरी उत्क्रांती पाहायची असेल तर कॉमन मॉरमॉनकडे वळावे. त्याचा नर काळा असून पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखे. दुसरे कॉमन रोझ या फुलपाखरासारखे आणि तिसरे क्रिमझन रोझसारखे. या दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातील वेली खातात आणि त्यातील विषारी द्रव्ये अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. मॉरमॉनची मादी विषारी नाही. ती फक्त तसे सोंग घेते. असे सोंग साधलेल्या माद्या अधिक वाचल्या आणि त्यांचा वंश टिकला. २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, या वेगवेगळ्या रूपांची किल्ली ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकात आहे. एरवी हे जनुक कीटकांत नर-मादीचे वेगळेपण घडवते.

म्हणजे एकाच कढीपत्त्यावर दोन घड्याळे चालू आहेत. एक महिन्याभरात फेरा पूर्ण करते, ते रूपांतरणाचे. दुसऱ्याचा काटा हजारो पिढ्यांनी सरकतो, ते उत्क्रांतीचे. खेळाने पहिल्या घड्याळावर दुसऱ्याचे नाव चिकटवले आहे.

शिक्षकांपुढील काम

ही केवळ शब्दांची काटेकोरता आहे का? तसे वाटत नाही. ‘लढलो, अनुभव मिळवला आणि उत्क्रांत झालो’ ही समजूत एकदा बसली की पुढे माकडाचा माणूस कसा झाला, हा प्रश्नही तशाच चित्रातून पाहिला जातो. आजचे एखादे माकड उद्या माणूस का होत नाही, असे मोठी माणसेही विचारतात. एनसीईआरटीने पाठ्यक्रमाचा भार कमी करताना दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र लिहून हरकत घेतली. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ होता. पुस्तकात पाठ असो वा नसो, मुलाच्या मनात या शब्दाचा अर्थ त्याआधी किती तरी वर्षे तयार झालेला असतो.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात केंब्रिज येथील अँड्रू बामफोर्ड आणि सहकाऱ्यांची ब्रिटिश शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या मुलांना दाखवलेल्या पोकेमॉनपैकी सुमारे ८० टक्के ओळखता येत होते. आसपासच्या सामान्य प्राणी-वनस्पतींपैकी मात्र सुमारे निम्मेच. याचा अर्थ मुलांची ओळखण्याची, नावे ध्यानात ठेवण्याची शक्ती अफाट आहे. तिला खाद्य कोण पुरवते, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून खेळावर बंदी घालण्याची शिफारस आम्ही करणार नाही. पावसाळ्यात कढीपत्त्याची एक फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवून तिच्यावरील अळी वर्गात आणावी. बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, म्हणजे अळी पाण्यात पडणार नाही. सर्वांभोवती जाळीचे कापड लावावे, रोज ताजा पाला द्यावा. अळीची लांबी रोज मोजावी. प्रयोगशाळेतील बारीक तराजू मिळाला तर अळी, कोष आणि फुलपाखरू यांची वजने घ्यावीत आणि खेळातील तीन आकड्यांशेजारी फळ्यावर लिहावीत. फुलपाखरू बाहेर आले की पंख वाळू द्यावेत आणि त्याला सोडून द्यावे. गांधीलमाश्या निघाल्या तर त्यांचीही नोंद करावी. ती लपवू नये.

आम्ही हे त्याच वर्गात करून पाहिले. तीन अळ्या आणल्या होत्या. एक पहिल्याच आठवड्यात मेली, एकीचा कोष काळा पडला, एकीचे लाइम बटरफ्लाय झाले. तिघींचीही नोंद वहीत आहे. शिंग काढणाऱ्या त्या मुलाने कोषाचे वजन अळीपेक्षा कमी भरल्याचे पाहून तराजू बिघडला असावा, अशी शंका घेतली आणि दोनदा वजन करायला लावले.

त्याच्या उत्तरपत्रिकेत आम्ही चारपैकी साडेतीन गुण दिले होते. अर्धा गुण ‘उत्क्रांती’ या शब्दाचा कापला. शिंगासाठी मात्र जादा काही देता आले नाही. उत्तरसूचीत त्याची सोय नव्हती. पुढच्या वर्षीच्या फळ्यावर आमच्या अळीलाही शिंग असेल.